निरोगी स्त्रियांवर सरकारने खर्च कशासाठी करावा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्त्रियांच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तरतुदीला सरकारने कात्री लावू नये, असे मत मी गेल्या अंकात या सदरात मांडले होते. तपासणी, लसीकरण, गर्भनिरोधन आणि गरोदरपणातील देखरेख यांवरील खर्च कमी केला, की त्याचे परिणाम त्या आर्थिक वर्षात दिसत नाहीत. ते काही वर्षांनी दुसऱ्याच लेखाशीर्षाखाली, अधिक मोठ्या रकमेच्या आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंच्या रूपाने समोर येतात, असे त्या लेखाचे थोडक्यात म्हणणे होते. त्यावर आलेल्या पत्रांत सहमतीची पत्रे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांना ते म्हणणे पटलेले नाही त्यांच्या शंका रास्त आणि मुद्देसूद असल्यामुळे या अंकात मुख्यतः त्यांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : रुग्णालयांत खाटा अपुऱ्या आहेत, औषधे वेळेवर मिळत नाहीत. अशा स्थितीत ज्यांना काहीही झालेले नाही त्या स्त्रियांच्या तपासण्यांवर पैसा का खर्च करावा? आधी आजारी माणसाला बरे करणे हे सरकारचे पहिले कर्तव्य नाही का?

आजारी माणसावर उपचार झालेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. परंतु ‘ज्यांना काहीही झालेले नाही’ हे आपण कशावरून ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. हा आजार ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गामुळे होतो. हा संबंध उलगडून दाखवल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडतो, त्यांच्या गर्भाशयमुखावरील पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलांतून कर्करोग व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या काळात त्या स्त्रीला दुखत नाही, रक्तस्राव होत नाही, थकवा येत नाही. ती कामाला जाते, घर सांभाळते, आणि आपल्या व्याख्येनुसार निरोगी असते.

या टप्प्यावर बदल सापडला तर पुढे काय करावे लागते, हे जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. उष्णतेने उपचार करण्याच्या पद्धतीत साधारण १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवलेले छोटे उपकरण गर्भाशयमुखावर काही सेकंद टेकवले जाते आणि बिघडलेल्या पेशी नष्ट केल्या जातात. त्यासाठी रुग्णालयात राहावे लागत नाही, बहुधा भूल द्यावी लागत नाही, आणि ती स्त्री त्याच दिवशी घरी जाते. तोच आजार पुढच्या टप्प्यावर सापडला तर कित्येक आठवडे रोजच्या रोज किरणोपचार, त्यांच्या जोडीला दर आठवड्याला केमोथेरपी आणि शेवटी शरीराच्या आतून द्यावे लागणारे किरण, एवढे सगळे सोसूनही ती वाचेलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. आपण ज्या खाटांची चिंता करता, त्यांतील काही खाटा अशाच स्त्रियांनी भरलेल्या असतात. जागतिक आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात या कर्करोगाने सुमारे साडेतीन लाख स्त्रियांचा बळी घेतला.

तपासणीने हे मृत्यू खरोखर टळतात का, याचा सर्वांत ठोस पुरावा भारतातूनच पुढे आला आहे. महाराष्ट्रातील उस्मानाबाद जिल्ह्यात ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयोगटाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अनेक वर्षे अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झाली, त्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. आयुष्यातून एकदाच केलेल्या चाचणीने इतका फरक पडत असेल, तर तिच्यावरील खर्चाला ‘निरोगी माणसावरचा खर्च’ म्हणणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : कपात प्रशासकीय खर्चात आहे, तपासण्या मोफतच राहणार आहेत, असे सरकार सांगते. मग एवढा विरोध कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण बहुतेक कपाती याच मार्गाने होतात आणि त्यांना विरोध करणे सर्वांत अवघड असते.

तपासणी म्हणजे केवळ ती पाच मिनिटे नव्हेत. गर्भाशयमुखावरून ब्रशने किंवा लाकडी पट्टीने पेशींचा नमुना घेतला, की तो लगेच काचपट्टीवर पसरून अल्कोहोलमध्ये स्थिर करावा लागतो. जरा उशीर झाला तर पेशी सुकतात आणि ती काचपट्टी वाचता येत नाही. मग ती प्रयोगशाळेत जाते. तेथे प्रशिक्षित व्यक्ती सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पेशींमधून बदललेल्या मोजक्या पेशी शोधते. अहवाल तयार होतो, तो त्या स्त्रीपर्यंत पोहोचवावा लागतो, दोष आढळला असेल तर तिला पुन्हा बोलवावे लागते, ती आली नाही तर का आली नाही हे विचारायला कोणीतरी जावे लागते, पुढची तपासणी होते आणि मग उपचार. यातील नमुना घेणे वगळता जवळजवळ प्रत्येक काम अर्थसंकल्पाच्या भाषेत प्रशासन, वाहतूक, कंत्राटी मनुष्यबळ किंवा संपर्क अशा नावाखाली येते. त्या नावांवरची रक्कम कमी झाली, की तपासणी कागदोपत्री चालू राहते, परंतु दोष आढळलेली स्त्री उपचारांपर्यंत पोहोचत नाही. अशी तपासणी त्या स्त्रीच्या दृष्टीने न झाल्यासारखीच असते.

इंग्लंडमध्ये हे स्पष्टपणे अनुभवाला आले. तेथे पॅप तपासणी, म्हणजे वर वर्णन केलेली काचपट्टीवरील पेशींची तपासणी, १९६० च्या दशकापासून उपलब्ध होती, परंतु कोणाला बोलवायचे, पुन्हा केव्हा बोलवायचे, याची देशव्यापी व्यवस्था नव्हती. १९८८ साली संगणकीकृत निमंत्रणांची पद्धत सुरू झाली, तेव्हा अपेक्षित वयोगटातील निम्म्याहूनही कमी स्त्रियांची तपासणी झालेली होती; १९९४ पर्यंत ते प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर गेले आणि त्यानंतर या कर्करोगाचे प्रमाण झपाट्याने उतरले. तपासणीची पद्धत तीच राहिली होती. बदलली होती ती बोलावण्याची व्यवस्था, म्हणजे आज ज्याला प्रशासकीय खर्च म्हटले जाते ती बाब.

उलट दिशेचे उदाहरण जपानचे आहे. तेथे २०१३ साली दुष्परिणामांच्या भीतीमुळे सरकारने एचपीव्ही लशीची सक्रिय शिफारस थांबवली. लस बंद झाली नव्हती, ती मोफतच होती. पात्र मुलींच्या घरी जाणारी सूचनापत्रे तेवढी थांबली. आधी पात्र ठरलेल्या मुलींत लसीकरण ७० टक्क्यांच्या आसपास होते, ते नंतर पात्र झालेल्या मुलींत एक टक्क्याच्याही खाली आले. शिफारस पूर्ववत व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. ही अर्थसंकल्पीय कपात नव्हती, हे मी मान्य करतो, परंतु सेवा मोफत ठेवून तिच्याकडे जाण्याची वाट तेवढी बंद केली तर काय होते, हे यातून कळते.

प्रयोगशाळेबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कमी पैशांत अधिक काचपट्ट्या वाचून घेण्याच्या हव्यासातून अमेरिकेतील काही प्रयोगशाळांत कर्मचाऱ्यांना काचपट्ट्यांच्या संख्येवर मोबदला दिला जात असे आणि त्यामुळे कर्करोगाची चिन्हे नजरेतून सुटत होती. १९८७ साली वृत्तपत्रांतून हे उघडकीस आले आणि १९८८ साली कायदा करावा लागला. त्याखालील नियमांनुसार एका व्यक्तीला २४ तासांत १०० पेक्षा अधिक काचपट्ट्या वाचता येत नाहीत. तेव्हा ‘तेवढ्याच तपासण्या, पण निम्म्या मनुष्यबळात’ असे आश्वासन कोणी दिले, तर ते कौतुकाने ऐकण्याऐवजी काचपट्ट्या कोण वाचणार आहे, एवढे विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या कर्करोगाच्या निर्मूलनासाठी २०३० पर्यंतची जी तीन उद्दिष्टे ठरवली, त्यांत ९० टक्के मुलींचे १५ व्या वर्षापर्यंत लसीकरण आणि ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या व पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी यांच्या जोडीला, दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार हे तिसरे उद्दिष्ट मुद्दाम घातले आहे. माझ्या मते तिन्हींत तेच सर्वांत अवघड आहे, आणि कपातीचा घाव पहिल्यांदा त्याच्यावरच पडतो.

प्रश्न : तपासण्यांमुळे अनावश्यक निदान होते, स्त्रियांना विनाकारण शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात, असेही डॉक्टर सांगतात. मग तपासण्या कमी झाल्या तर ते चांगलेच नाही का?

आपला आक्षेप खरा आहे आणि तपासणीच्या समर्थकांनी तो टाळता कामा नये. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीचे पेव फुटले, तेव्हा त्या कर्करोगाचे निदान १९९३ ते २०११ या काळात १५ पटींनी वाढले, परंतु त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळपास जागच्या जागी राहिले. म्हणजे असंख्य लोकांवर, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, गरज नसताना शस्त्रक्रिया झाल्या. स्तनांच्या मॅमोग्राफीबाबतही, म्हणजे क्ष-किरण तपासणीबाबतही, हा वाद जुना आहे. ब्रिटनमधील स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ साली सर्व पुरावे तपासून असा निष्कर्ष काढला, की तपासणीला बोलावलेल्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात. मात्र टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे सुमारे तीन स्त्रियांना अशा कर्करोगाचे निदान होते, ज्याने त्यांना आयुष्यात कधी त्रास दिला नसता.

यावरून कोणती तपासणी, कोणत्या वयात आणि किती वर्षांनी करावी, हे पुराव्यांच्या आधारे ठरवले पाहिजे आणि स्त्रियांना फायद्याबरोबर तोटाही सांगितला पाहिजे, असे मी म्हणेन. निरुपयोगी तपासणी बंद करून तिचा पैसा उपयुक्त तपासणीकडे वळवायला माझा मनापासून पाठिंबा आहे. परंतु अर्थखात्याची सरसकट दहा किंवा वीस टक्क्यांची कात्री असा भेद करत नाही. अनावश्यक तपासणी बव्हंशी पैसे मोजू शकणाऱ्यांच्या वाट्याला येते आणि कपात मात्र सार्वजनिक सेवेत होते. त्यामुळे ज्यांची जास्त तपासणी होते त्यांची तशीच चालू राहते आणि ज्यांची कधीच होत नाही त्यांची उरलीसुरली संधीही जाते.

प्रश्न : ज्यांना आपल्या आरोग्याची काळजी आहे त्या स्त्रिया स्वतःहून तपासणी करून घेतील. सरकारने सर्वांच्या मागे का लागावे?

कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांत ज्यांची कधीच किंवा बऱ्याच वर्षांत तपासणी झालेली नाही अशांचेच प्रमाण मोठे असते. तपासणीला न येण्यामागे बेफिकिरी असतेच असे नाही. मजुरी बुडते, संकोच वाटतो, लहान मूल कोणाकडे ठेवावे हा प्रश्न असतो. यावर खर्च करून उपाय निघतात. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून सर्व पात्र स्त्रियांना एचपीव्हीसाठीचा नमुना स्वतःच्या हाताने घेण्याचा पर्याय दिला, तो मुख्यतः अशाच स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून.

प्रश्न : प्रतिबंधक सेवा म्हणजे केवळ कर्करोगाच्या तपासण्या का? गरोदर स्त्रियांचा उल्लेख आपल्या लेखात ओझरताच होता.

तक्रार मान्य. गरोदरपणात रक्तदाब मोजणे आणि लघवीतील प्रथिने तपासणे या कामांना कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, परंतु ती नियमितपणे झाली नाहीत तर वाढता रक्तदाब लक्षातच येत नाही आणि पहिले लक्षण म्हणून थेट झटके येऊ शकतात. वेळेत ओळखले तर मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले आहे. ते औषध कोणाला द्यायचे हे कळण्यासाठी आधी रक्तदाब मोजणारी परिचारिका जागेवर असावी लागते.

दुसरे उदाहरण सिफिलिसचे आहे. गरोदर स्त्रीच्या रक्ताची एक साधी चाचणी आणि दोष आढळल्यास पेनिसिलिन, एवढ्याने बाळाला जन्मजात सिफिलिस होणे बहुतांशी टळते. तरीही अमेरिकेसारख्या संपन्न देशात अशा बाळांची संख्या २०१२ साली ३३५ होती, ती २०२२ साली ३,७०० च्या वर गेली. तेथील रोगनियंत्रण केंद्राच्याच म्हणण्यानुसार त्या वर्षातील जवळपास ९० टक्के प्रकरणे वेळेवर तपासणी व उपचार झाले असते तर टळू शकली असती. औषधाचा शोध लागून कित्येक दशके उलटल्यावर ही बाळे मृत किंवा आजारी जन्माला यावीत, याचा मला संताप येतो.

प्रश्न : ‘आज वाचवलेला पैसा उद्या दुपटीने जातो’ असे सगळेच म्हणतात. याचा काही प्रत्यक्ष पुरावा आहे का, की ही केवळ भावनिक भाषा आहे?

पुरावा आहे, परंतु प्रत्येक सेवेबाबत तो सारखा नाही आणि हे आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही तपासण्यांनी सरकारचा निव्वळ पैसा वाचत नाही. त्यांनी तुलनेने थोड्या खर्चात आयुष्याची वर्षे मिळतात. रुग्णालयातील बहुतेक उपचारांकडून आपण याहून अधिक अपेक्षा करत नाही, मग प्रतिबंधक सेवेनेच नफा मिळवून दाखवावा, ही अट अन्यायाची आहे.

गर्भनिरोधन सेवेबाबत मात्र हिशेब अगदी सरळ आहे. अमेरिकेतील गटमाकर इन्स्टिट्यूट या प्रजनन आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या २०१४ सालच्या विश्लेषणानुसार सार्वजनिक कुटुंबनियोजन सेवेवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे सात डॉलरचा सरकारी खर्च टळतो. कपात केल्यावर काय होते, याचे उदाहरण टेक्सास राज्याने घालून दिले. तेथील विधिमंडळाने २०११ साली कुटुंबनियोजनाची तरतूद सुमारे दोन-तृतीयांशाने कमी केली. या सेवेची जवळपास एक-चतुर्थांश केंद्रे बंद पडली. ज्या केंद्रांत गर्भनिरोधन मिळत असे तेथेच गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणीही होत असे, त्यामुळे दार एकदा बंद झाले की सगळ्याच सेवा एकदम गेल्या. पुढे २०१३ साली राज्याने गर्भपात सेवेशी संलग्न संस्थांची केंद्रे आपल्या महिला आरोग्य कार्यक्रमातून वगळली. त्या केंद्रांच्या परिसरातील नोंदी तपासल्यावर असे आढळले, की गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असलेल्या स्त्रियांमध्ये पुढील दीड वर्षात सरकारी विम्याच्या खर्चाने झालेल्या बाळंतपणांचे प्रमाण २७ टक्क्यांनी वाढले. पैसा सरकारचाच गेला, फक्त दुसऱ्या खात्यातून. आणि त्या स्त्रियांच्या आयुष्याच्या आखणीचे जे झाले, ते कोणत्याच खात्यात लिहिले गेले नाही. टेक्सासने २०१३ साली बराचसा निधी पुन्हा दिला, परंतु बंद पडलेले केंद्र, तेथून गेलेली परिचारिका आणि तेथे येण्याची स्त्रियांची सवय या गोष्टी तरतुदीचा आकडा पूर्ववत केल्याने लगेच परत येत नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीला एचपीव्ही लस दिली, तर पुढे तपासणीची गरज उरेल का? आणि सरकारने फक्त लशीवर खर्च केला तर पुरेसे नाही का?

लस अतिशय परिणामकारक आहे. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लसीकरण पूर्ण झालेल्या पहिल्या पिढीतील स्त्रियांत या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नसल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एक मात्राही चालेल असे सांगितल्यामुळे खर्चही कमी झाला आहे. तरीही लस कर्करोगकारक अशा सगळ्या प्रकारांच्या विषाणूंपासून संरक्षण देत नाही, त्यामुळे तपासणी करावीच. शिवाय आज तिशी-चाळिशीत असलेल्या स्त्रियांना लहानपणी ही लस मिळालेलीच नाही. त्यांना वगळून केवळ लशीवर विसंबणे म्हणजे एका संपूर्ण पिढीला सोडून देणे आहे.

प्रश्न : पटले. पण सामान्य वाचकाने नेमके करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे अर्थसंकल्पातील जाहीर आकड्यावर थांबू नये. कोणत्याही योजनेपुढे मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे वेगवेगळ्या वर्षी छापले जातात. मोठी तरतूद जाहीर करून सुधारित अंदाजात ती खाली आणणे, किंवा पदे रिक्त ठेवून पैसा अखर्चित राहू देणे, या कपातींची बातमी होत नाही. मागील तीन-चार वर्षांचे हे आकडे शेजारी शेजारी लिहून काढले, तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. महागाई वाढत असताना तरतूद जागच्या जागी ठेवणे हीसुद्धा कपातच आहे.

दुसरे, ‘महिलांच्या आरोग्यासाठी निधी वाढवा’ अशा मोघम निवेदनाला तितकेच मोघम आश्वासन मिळते. त्याऐवजी लोकप्रतिनिधींना मोजक्या गोष्टी लेखी विचाराव्यात : गेल्या वर्षी किती स्त्रियांना तपासणीसाठी बोलावले, त्यांतील किती आल्या, अहवाल हातात पडायला सरासरी किती दिवस लागले, किती जणींमध्ये दोष आढळला आणि त्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा टाळले जाते, म्हणून त्याचाच पाठपुरावा अधिक करावा. आरोग्य विभागाच्या खर्चाच्या मागण्या सभागृहात मतदानाला येण्यापूर्वी काही आठवडे ही पत्रे गेली तर त्यांचा उपयोग होतो. मागण्या मंजूर झाल्यानंतर पुरवणी मागण्यांची वाट पाहावी लागते. पत्र एकट्याने लिहिण्यापेक्षा आशा कार्यकर्त्या, परिचारिका किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांच्याशी बोलून लिहावे, कारण कोणता दुवा तुटला आहे हे त्यांना नेमके ठाऊक असते आणि नोकरीच्या भीतीने ते त्यांना उघडपणे बोलता येत नाही. त्यांची नावे मात्र पत्रात घालू नयेत.